'कोण होणार करोडपती': पाटीवरचं मराठी आणि प्रश्नातलं मराठी

२०१३ साली ई टीव्ही मराठीवर हा खेळ सुरू झाला तेव्हा त्याचं नाव होतं 'कोण होईल मराठी करोडपती'. २०१९ साली सोनी मराठीवर आला तो 'कोण होणार करोडपती' होऊन. पूर्वी 'मराठी' हा शब्द दोनदा दिसायचा, वाहिनीच्या पाटीवर आणि कार्यक्रमाच्या नावातही. आता तो पडद्याच्या कोपऱ्यातल्या चिन्हात तेवढा उरला आहे. गळला एकच शब्द, पण या कार्यक्रमाचं परीक्षण करायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. हॉट सीटवर बसलेला माणूस मराठी, सूत्रसंचालक मराठी, गप्पा मराठी. पण ज्या चार ओळींवर लाखांचा फैसला होतो तो प्रश्न मराठीत सुचलेला आहे की मराठीत उतरवलेला आहे, यावर खेळाचा खरेपणा ठरतो.

आधी वाहिन्यांचा प्रवास बघू. ई टीव्ही मराठीवरची पर्वं सचिन खेडेकरांनी केली. मार्च २०१५मध्ये ई टीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली आणि २०१६चं पर्व स्वप्नील जोशींनी त्या नव्या नावाखाली केलं. सोनी मराठी ही वाहिनीच मुळात ऑगस्ट २०१८ची. तिथे २०१९ला नागराज मंजुळे आले आणि २०२१पासून पुन्हा खेडेकर. म्हणजे एकच खेळ तीन पाट्यांखाली फिरला. हिंदीतही तेच झालं: ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' स्टार प्लसवर सुरू झालं आणि २०१०पासून ते सोनीवर आहे. मूळ खेळ ब्रिटनचा, ४ सप्टेंबर १९९८ला आयटीव्हीवर आलेला. त्याचे हक्क पुढे टू वे ट्रॅफिक या कंपनीकडे गेले आणि २००८मध्ये सोनी पिक्चर्सने ती कंपनीच विकत घेतली. त्यामुळे हा खेळ शेवटी सोनीच्या घरी येऊन टेकला यात नवल नाही.

हे सांगायचं कारण असं की परवान्यावर घेतलेल्या खेळात वाहिनीच्या हातात फार थोडं असतं. षटकोनी चौकटीतला प्रश्न, खाली येणारा प्रकाश, कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या बाप-लेकांनी बांधलेलं ते ठोके वाढवणारं संगीत, खुर्ची, बक्षिसांची शिडी, अडल्यावर मिळणारं जीवनदान (लाइफलाइन) हे सगळं जगभर जवळजवळ सारखं. वाहिनीला स्वतःचं म्हणता येतील अशा गोष्टी तीन: सूत्रसंचालक, भाषा आणि प्रश्नसंच. कोपऱ्यातलं चिन्ह कितीही झळाळतं केलं तरी वाहिनीची खरी ओळख या तीन गोष्टींतूनच तयार होते.

सूत्रसंचालनाला माझ्याकडून पूर्ण गुण. खेडेकरांचं मराठी स्वच्छ आहे, जोडाक्षरं सुटी ऐकू येतात, आणि महत्त्वाचं म्हणजे प्रश्न वाचताना योग्य पर्यायावर आवाज झुकत नाही. हे वाटतं तितकं सोपं नसतं. वाचणाऱ्याला उत्तर माहीत असलं की बरोबर पर्यायाआधी नकळत अर्धा क्षण थांबा येतो, आणि समोरचा माणूस तो टिपतो. मंजुळेंचा सूर वेगळा होता. गावाकडून आलेल्या माणसाला खुर्चीत बसल्यावर अवघडल्यासारखं वाटू नये, ही त्यांची मोठी कमाई. दोघांचीही शैली मराठीतून आलेली, हिंदी पर्वाची नक्कल करणारी नव्हे.

पडद्यावरच्या मांडणीबद्दल मात्र थोडं बारकाईनं बोलायला हवं. ती षटकोनी चौकट रोमन अक्षरांसाठी आखलेली आहे. देवनागरीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार यांसाठी जागा लागते. तितक्याच उंचीत दोन ओळी बसवायच्या तर अक्षर लहान करावं लागतं, आणि मग 'शिक्षण' आणि 'शिक्षणे' यातली मात्रा घरच्या छोट्या टीव्हीवर दिसत नाही. यावर उपाय अक्षर बारीक करणं हा नाही, प्रश्न आखूड करणं हा आहे. मराठीत प्रश्न पंधरा-अठरा शब्दांत बसला पाहिजे आणि पर्याय तीन शब्दांत. प्रश्न पडद्यावर असेपर्यंत खालची जाहिरातपट्टी आणि पुढच्या मालिकेचं चिटोरं येता कामा नये, हा नियम प्रत्येक वाहिनीने पाळायला हवा. घरी बसून खेळणाऱ्यासाठी चौथा पर्याय झाकला गेला की खेळ तिथेच संपला.

आता प्रश्नांकडे येऊ. परीक्षणाचा खरा ऐवज तिथेच आहे.

न्याय्य प्रश्नाची कसोटी अशी: उत्तर एकच असावं, ते आज खरं असावं, ज्याला माहीत आहे त्याला ते सापडावं आणि ज्याला माहीत नाही त्याला प्रश्नाच्या भाषेवरून ते कळू नये. शेवटची अट मराठीत सर्वांत अवघड. कारण आपली भाषा लिंग सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही. समजावण्यासाठी एक प्रश्न इथेच तयार करू: 'झाडावर घरटं बांधणारं आणि महाराष्ट्राच्या राज्यप्राण्याचा मान असलेलं हे कोण?' पर्याय: बिबट्या, गवा, खार, शेकरू. 'बांधणारं' आणि 'असलेलं' या दोन शब्दांनीच काम झालं. बिबट्या आणि गवा पुल्लिंगी, खार स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी एकटं शेकरू. ज्याने आयुष्यात शेकरू पाहिलेलं नाही तोही बरोबर सांगेल. दुसरी चूक आणखी खोल: शेकरू ही खारीचीच मोठी जात. त्यामुळे 'खार' हा पर्याय ठेवला तर तोही अगदी चुकीचा म्हणता येत नाही. दुरुस्ती सोपी आहे. 'महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?' असं विचारायचं आणि 'खार'च्या जागी सांबर ठेवायचं. लिंग 'प्राणी' या शब्दाला चिकटतं, पर्याय मोकळे राहतात.

माणसांच्या नावांबाबतही तसंच. 'पहिल्यांदा कोण निवडून आली?' म्हटलं की पर्यायांतली पुरुषांची नावं बाद झाली. 'पहिली निवडणूक कोणी जिंकली?' असं विचारलं की चारही नावं जिवंत राहतात, कारण 'ने' प्रत्ययाच्या वाक्यात क्रियापद कर्त्याचं लिंग सांगत नाही, कर्माचं सांगतं. चांगला मराठी प्रश्नकार ही वळणं हाताशी ठेवतो. इंग्रजीतून प्रश्न उतरवून घेणाऱ्याला ती सुचत नाहीत, कारण मूळ वाक्यात तो धोकाच नसतो.

भाषांतराचे बाकीचे तोटे वरवर दिसतात. 'हा विक्रम कोणत्या खेळाडूद्वारे केला गेला?' हे वाक्य कुठल्याही मराठी घरात कोणी बोलत नाही. 'हा विक्रम कोणी केला?' यात घड्याळाचे दोन सेकंदही वाचतात. 'कौन बनेगा करोडपती'च्या अलीकडच्या पर्वांत पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद आणि पुढच्या पाचांना ६० सेकंद असतात, तेव्हा दोन सेकंद ही किरकोळ गोष्ट नव्हे. स्थळनामांचंही तेच: पर्यायात 'एलोरा' आणि 'एलिफंटा' लिहिलं तर वेरूळ आणि घारापुरी ज्याच्या तोंडात आहेत तो क्षणभर अडखळतो. हिंदीतून येताना 'शिक्षा', 'चेष्टा', 'संसार', 'राजीनामा' हे शब्द जसेच्या तसे आले तर अर्थच उलटतो. आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड, चेष्टा म्हणजे थट्टा, संसार म्हणजे घरप्रपंच आणि राजीनामा दिला की नोकरी गेली.

पण भाषांतराची सर्वांत मोठी खोड भाषेत नाही, पंचांगात आहे. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव सारखं असतं आणि वद्य पक्षात एका महिन्याचा फरक पडतो. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला, तिकडे तीच रात्र भाद्रपद कृष्ण अष्टमी. महाशिवरात्र आपली माघ वद्य चतुर्दशीची, तिकडची फाल्गुनातली. लक्ष्मीपूजन आपल्या आश्विन अमावास्येला, तिकडे कार्तिक अमावास्येला. दिवस तोच, नाव वेगळं. आता 'महाशिवरात्र कोणत्या महिन्यात येते?' हा हिंदी प्रश्न पर्यायांसकट मराठीत आणला आणि संगणकात 'फाल्गुन' हेच उत्तर राहिलं, तर लहानपणापासून माघ म्हणत आलेला माणूस बरोबर उत्तर देऊन हरतो. हे अज्ञानाने झालेलं नुकसान नव्हे, ते प्रश्नकाराने केलेलं नुकसान आहे. सणवारांचे प्रश्न हा पहिल्या पाच पायऱ्यांवरचा हुकमी माल असतो, म्हणूनच या जागी सर्वांत कडक तपासणी हवी. रामनवमी, गणेश चतुर्थी, विजयादशमी हे शुक्ल पक्षातले सण निर्धोक. वद्य पक्षातल्या सणाचा प्रश्न घ्यायचाच असेल तर एक पर्याय आणि त्याच्या पुढचा महिना एकत्र ठेवायचे नाहीत.

दुसरं दलदलीचं ठिकाण म्हणजे 'पहिला' आणि 'पहिली'. मराठी प्रश्नमंजूषांचा निम्मा दारूगोळा या शब्दावर चालतो आणि वाद होतात ते इथेच. 'भारतातली पहिली महिला डॉक्टर कोण?' याला आपल्याकडे आनंदीबाई जोशी हे उत्तर पाठ असतं. पण त्यांना पेनसिल्व्हेनियातून पदवी मिळाली ते वर्ष १८८६, आणि कलकत्त्यात कादंबिनी गांगुलींनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं तेही १८८६. दोन्ही नावं पर्यायांत असतील तर हा प्रश्न न्याय्य राहत नाही. 'अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेतलेली' असं म्हटलं की तो सरळ होतो. तसंच चित्रपटाचं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला लागला, पण दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' त्याआधी १८ मे १९१२ला लागला होता. तो रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रण होता म्हणून फाळक्यांना मान दिला जातो, हे कारण योग्यच आहे. पण ते प्रश्नात यायला हवं: 'पहिला पूर्ण लांबीचा कथापट'. मुलींच्या शाळेबद्दल विचारताना १८४८ आणि भिडेवाडा म्हणून थांबता येत नाही. मुंबईत मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्याआधीच्या. 'भारतीयांनी मुलींसाठी पुण्यात' एवढे शब्द घातले की जोतिबा-सावित्रीबाईंचं श्रेय आणखी नेमकेपणानं मांडलं जातं. याउलट 'दर्पण' कोणी सुरू केलं, हा स्वच्छ प्रश्न. १८३२, बाळशास्त्री जांभेकर, वाद नाही.

एका शब्दाने प्रश्न कसा वाचतो किंवा बुडतो याचं एक उदाहरण हिंदी पर्वातलं आहे. सप्टेंबर २०२१मध्ये प्रश्न आला की संसदेची प्रत्येक बैठक सर्वसाधारणपणे कशाने सुरू होते. उत्तर होतं प्रश्नोत्तराचा तास. एका प्रेक्षकाने समाजमाध्यमावर हरकत घेतली की राज्यसभेत आधी शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडायचा वेळ, असतो. निर्माते सिद्धार्थ बसूंनी प्रश्नात चूक नाही असं उत्तर दिलं. माझा कौल प्रेक्षकाच्या बाजूने जातो. राज्यसभेने नोव्हेंबर २०१४पासून प्रश्नोत्तराचा तास दुपारी बारावर नेला आहे. 'सर्वसाधारणपणे' या शब्दाने थोडं संरक्षण मिळतं खरं, पण 'संसदेची प्रत्येक बैठक' या शब्दांनी ते काढून घेतलं. 'लोकसभेची' असं लिहिलं असतं तर कोणाला बोट दाखवायला जागा उरली नसती. तरी एका गोष्टीसाठी बसूंना मानायला हवं: त्यांनी हरकतीला जाहीर उत्तर दिलं. मराठी पर्वालाही अशी रीत हवी. हरकत कुठे नोंदवायची, किती दिवसांत उत्तर मिळेल आणि चूक निघाली तर स्पर्धकाला परत खुर्चीवर बोलावणार का, हे वाहिनीने लेखी जाहीर करावं.

पर्याय लिहिण्यातली चूक किती महागात पडते हे सोनीला नोव्हेंबर २०१९मध्ये कळलं. औरंगजेबाचा समकालीन राजा कोण, या हिंदी प्रश्नात इतर नावं 'महाराणा', 'महाराजा' अशा उपाधींसह होती आणि आपल्या छत्रपती शिवाजी महाराजांचं नुसतं एकेरी नाव. महाराष्ट्रात संताप उसळला, वाहिनीने माफी मागितली. अवमानाचा मुद्दा सर्वांना दिसला. प्रश्नकाराच्या नजरेतून त्यात तांत्रिक दोषही होता: चार पर्याय एकाच साच्याचे हवेत. तिघांना उपाधी आणि एकाला नाही, किंवा तिघं दोन शब्दांचे आणि एक सहा शब्दांचा, की स्पर्धकाचं लक्ष वेगळ्या दिसणाऱ्यावर जातं. आणि वेगळा दिसणारा पर्याय बहुधा बरोबर असतो, हे सगळ्या सराईत खेळाडूंना ठाऊक असतं. पुढच्याच वर्षी २५ डिसेंबर १९२७च्या महाडच्या मनुस्मृती दहनावरच्या प्रश्नावरून तक्रारी झाल्या, कारण चारही पर्याय हिंदू ग्रंथ होते. तिथे मात्र मी प्रश्नाच्या बाजूने उभा राहीन. तारीख बरोबर, घटना बरोबर, पर्याय एकाच वर्गातले. महाडचा सत्याग्रह हा महाराष्ट्राच्या इतिहासाचा कणा आहे. तो प्रश्नसंचात असलाच पाहिजे.

प्रदेशाचा समतोल हा माझ्या मते मराठी संचाचा कच्चा दुवा असण्याची भीती सर्वांत जास्त. प्रश्न काढणारे मुंबई-पुण्यात बसले की नाट्यगृहं, पेठा, लोकल आणि जुनी गाणी यांचं पारडं जड होतं. अमरावतीत किंवा वर्ध्यात 'सांभार' म्हणजे कोथिंबीर, मुंबईत इडलीसोबतचं सांबार. 'सांभारवडीत मुख्य काय असतं?' हा प्रश्न नागपूरकराला पहिल्या पायरीचा आणि रत्नागिरीकराला दहाव्या पायरीचा. असे प्रश्न टाळायचे नाहीत, उलट हवेतच. पण एका संचात विदर्भ, मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र, कोकण, गोवा आणि बेळगावकडचा भाग यांचा वाटा मोजून घालायचा. तपासणीची सोपी पद्धत: पहिल्या पाच पायऱ्यांचा प्रत्येक प्रश्न सहा वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या माणसांना फोनवर वाचून दाखवायचा. सहापैकी पाचांहून कमी जणांना आला तर तो वरच्या पायरीवर जाईल, आणि फक्त एकाच भागातल्यांना आला तर तो त्या पायरीवर अन्याय्य आहे.

काळाचंही भान हवं. चित्रीकरण आणि प्रसारण यात अंतर असतं. पालघर १ ऑगस्ट २०१४ला झाला तेव्हा जिल्हे ३५चे ३६ झाले. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावं २०२३ आणि २०२४मधली. मराठीला अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४मधला. असा प्रश्न असला की प्रश्नातच तारीख घालायची. त्यापेक्षा न बदलणारी गोष्ट विचारणं केव्हाही बरं: कळसूबाई १६४६ मीटर आहे आणि तशीच राहील. साल्हेर हा पर्याय शेजारी ठेवला तर प्रश्नाला वजनही येतं, कारण सर्वांत उंच किल्ला आणि सर्वांत उंच शिखर यांत गल्लत होते. फसवा पर्याय असा असावा, ज्ञानातल्या खऱ्या गोंधळावर बेतलेला.

वाहिनीची जाहिरात आणि प्रश्नाचा न्याय यांची सर्वांत थेट गाठ पडते ती स्वतःच्या मालिकांवरच्या प्रश्नात. ज्या वाहिनीवर खेळ सुरू आहे तिच्याच मालिकेतल्या पात्राचं नाव विचारलं, तर दुसऱ्या वाहिनीच्या प्रेक्षकावर तो अन्याय. तसंच प्रायोजकाच्या वस्तूबद्दल. असा मजकूर जाहिरातीच्या वेळेत दाखवावा. पैशांच्या शिडीवर त्याला जागा नको.

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, हे आकड्यांत दाखवतो. २०००च्या पहिल्या हिंदी पर्वाची शिडी घेऊ: पंधरा प्रश्न, पाचव्याला १०,००० आणि दहाव्याला ३,२०,००० हे हमीच्या रकमेचे टप्पे, आणि वर ६,४०,०००, १२,५०,०००, २५ लाख, ५० लाख, १ कोटी. अकरावा प्रश्न फुकटचा आहे. चुकलात तरी ३,२०,००० हातात राहतात, म्हणून तिथे खेळ सोडणं चूकच. सहाव्यालाही तसंच. तेराव्याला मात्र हातात १२,५०,००० असतात, चुकलात तर ९,३०,००० जातात आणि जिंकलात तर १२,५०,००० वाढतात. हिशेब मांडला तर निदान ४३ टक्के खात्री असेल तरच उत्तर द्यावं. चौदाव्याला ४७, पंधराव्याला ४८. बाराव्याला मात्र ३४ टक्के पुरतात.

आता चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर शक्यता २५ टक्के. फिफ्टी-फिफ्टी वापरलं तर ५०, म्हणजे तेराव्या प्रश्नाची रेघ ओलांडली. आणि प्रश्नाच्या क्रियापदातलं लिंग दोन पर्याय बाद करत असेल तरीही ५०. म्हणजे एका निष्काळजी प्रत्ययाने स्पर्धकाला अख्खं जीवनदान फुकट दिलं, आणि त्याच्या आधी खेळून गेलेल्याला ते मिळालं नव्हतं. उलट पंचांगाच्या घोळात अडकलेला जाणकार ९० टक्के खात्रीने उत्तर देतो आणि ९,३०,००० गमावतो. शिवाय जिंकलेल्या रकमेवर सपाट ३० टक्के कर, वर उपकर आणि मोठ्या रकमेला अधिभार. उत्पन्न कितीही कमी असलं तरी यात सूट नाही. सोडून जायचं की खेळायचं हे ठरवताना घरच्यांनी हातात येणारा आकडाच डोळ्यांपुढे ठेवावा.

घरबसल्या खेळणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. २००७मध्ये स्टार प्लसवरच्या तिसऱ्या हिंदी पर्वात 'हर सीट हॉट सीट' नावाची प्रेक्षकस्पर्धा होती. उत्तराचा एसएमएस २ रुपये ४० पैशांना, रोजचं बक्षीस २ लाख. ग्राहक संघटनेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये स्टार आणि एअरटेल यांना १ कोटीचा दंड केला. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी तो रद्द केला. निकाल काहीही लागो, प्रेक्षकाने ओळखायची खूण त्या प्रकरणातून मिळते: प्रश्न अतिशय सोपा आणि संदेश महाग असेल तर ती ज्ञानाची परीक्षा नसून सोडत आहे. हजारो बरोबर उत्तरांतून निवड चिठ्ठीनेच होणार. मराठी पर्वाची नोंदणी मिस्ड कॉल आणि सोनी लिव्ह या अ‍ॅपवरून ठेवली गेली, हे या दृष्टीने चांगलंच. मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत.

शेवटी या नावाच्या गैरवापराबद्दल, कारण बळी पडणारे बहुतेक जण टीव्हीसमोर बसणारे आपलेच काका-मावशी असतात. कार्यक्रमाचं चिन्ह, सूत्रसंचालकाचा फोटो आणि '२५ लाखांची लॉटरी लागली' असा मजकूर असलेलं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. नंबर पुष्कळदा ९२ने सुरू होणारा, म्हणजे पाकिस्तानचा. मग 'प्रोसेसिंग फी' किंवा 'कर' म्हणून आधी काही हजार मागतात. ओळखायला एक गोष्ट पुरे: हा खेळ लॉटरी काढत नाही, आणि रोख बक्षिसावरचा कर देणारा स्वतःच कापून उरलेली रक्कम देतो, आगाऊ भरायला सांगत नाही. पैसे गेलेच असतील तर चॅट पुसू नका. त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ वाचून सांगा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत गोठवता येतात ते याच माहितीवरून.